गाडी हाय तवर वाट हाय

माझ्या मोठ्या दिरांचा मला राग आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे उगाच गोड लिहायला नको. त्यांच्या तोंडावर मी कधी काही बोललेले नाही, कारण आमच्यात धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी थेट बोलत नाही. मधे कोणीतरी लागतं. आमच्या मधे जाऊबाई असायच्या. ते जाऊबाईंना म्हणायचे, "तिला सांग," आणि मी तिथेच उभी असले तरी जाऊबाई तेच वाक्य वळून मला सांगायच्या. मग मीही जाऊबाईंना म्हणायचे, "त्यांना सांगा." आमचं सगळं भांडण असं झालं, एका अंगणात उभं राहून तिसरीच्या तोंडून.

भांडण वाटेचं होतं. आमचं गाव कामणच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. गावामागे शेतं आणि शेतांमागे रूळ. दिरांचं घर रस्त्याजवळ आणि माझं अगदी रुळांजवळ, शेताच्या शेवटच्या कोपऱ्यात. दिरांच्या घरापासून बांधाच्या कडेने एक वाट माझ्या दारावरून पुढे रुळांपर्यंत जाते. ती सगळी दिरांच्या वाटणीच्या जमिनीतून जाते. माझ्या मागे आता रेल्वेची भिंत आहे, एका अंगाला खाडीच्या खाजणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला पुन्हा दिरांचंच शेत. मला रस्त्यावर यायचं तर तेवढीच वाट. ती बंद झाली तर घर असून नसल्यासारखं, आणि मग तो कोपरा दिरांशिवाय दुसरं कोण घेणार? हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

ती वाट झाली गाडीमुळे. माझे सासरे सांगायचे, आधी या रुळांवरून नुसत्या मालगाड्या जायच्या. पुढे माणसांची छोटी गाडी सुरू झाली, सकाळी वसईला नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी. तिला सगळे सटल म्हणायचे. ती आमच्या गावात थांबत नव्हती. भाजी, गवत, सुकी मासळी घेऊन बायकांना कामणपर्यंत चालत जावं लागे. गावाने थांबा मागितला तेव्हा सांगण्यात आलं, फलाट तुम्ही करा, मग बघू. गावाने शेतातली माती वाहून फलाट केला. वर पत्र्याची शेड टाकली, गावातल्याच एकाला तिकिटं विकायला बसवलं आणि गाडी थांबायला लागली.

पण फलाटाकडे जायला वाट नव्हती. शेताचा बांध द्यायला कोणी तयार होईना. एकदा वाट दिली की ती परत मिळत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. शेवटी माझ्या सासऱ्यांनी दिली. देताना चारचौघांत एवढंच म्हणाले, "गाडी हाय तवर वाट हाय." कागद काही केला नाही. तेव्हा कोणाला त्याची गरजही वाटली नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती वाट पायांनी पांढरी पडलेली होती. भाऊ वेगळे झाले तेव्हा माझ्या नवऱ्याने मुद्दाम रुळांजवळचा कोपरा मागून घेतला. म्हणाला, "दारात गाडी, आजून काय पायजे?" दिरांनी तो आनंदाने दिला, कारण त्या कोपऱ्यात भरतीचं खारं पाणी शिरायचं आणि भात नीट होत नसे.

लोकांना वाटतं, गाडी बंद झाली म्हणून मला तिची आठवण येऊन रडू येत असेल. येत नाही. मला ती गाडी आवडायची नाही. मी गोखिवऱ्याला पेनाच्या रिफिली भरायच्या कारखान्यात जायचे आणि रोज त्याच बायकांमध्ये बसायचे. टोपल्यांचा वास, पायाशी गवताचे भारे, आणि माझी चेष्टा. मी बोलत नसे, म्हणून मला मुकी म्हणायच्या. "बोलाय पैसं पडतात काय गो?" एक भाजीवाली रोज विचारायची. उत्तर दिलं नाही की म्हणायची, "नवऱ्याशी तरी बोलतं का नाय?" मग सगळा डबा हसायचा. मी खिडकीबाहेर बघत बसायचे. बाहेर काय बघायचं? रेतीचे ढीग, खाजण, परत रेतीचे ढीग.

दुसरा जाच घरचा होता. ज्याचं घर रुळांजवळ त्याने गाडी सांगायची, अशी गावाची पद्धत पडली होती. गाडी खाडीच्या पुलावरून आली की आवाज माझ्या घरात सगळ्यात आधी यायचा, आणि मी बाहेर येऊन हाक मारायची, म्हणजे वाटेवरच्या बायका धावायला लागतील. मला मोठ्याने हाक मारता येत नसे. गळ्यातून आवाजच निघायचा नाही. म्हणून मी लोखंडी घमेलं उलटं करून पळीने बडवायचे. ते ऐकून बायका टोपल्या सावरत धावायच्या आणि माझ्या दारावरून जाताना म्हणायच्या, "तोंड नाय का गो तुला?" एकदा मी तापाने पडून होते आणि घमेलं वाजलं नाही. गाडी गेली. संध्याकाळी सगळ्या माझ्या दारात येऊन मला बोलून गेल्या. पाणी विचारायला एकही आली नव्हती.

नवरा वारला तेव्हा मुलगी शाळेत होती. त्यानंतर मला गाडीचा राग यायला वेळ राहिला नाही. ती होती म्हणून कारखाना होता आणि कारखाना होता म्हणून चूल होती. एवढंच माझं आणि तिचं नातं.

गाडी एकदम बंद झाली नाही. आधी रविवारची बंद झाली. मग दुपारची फेरी गेली. मग संध्याकाळची इतकी उशिरा यायला लागली की लोकांनी रस्त्याने येणं धरलं. मालगाड्या वाढल्या होत्या आणि त्यांना वाट द्यायला आमची सटल कुठेतरी खाजणात उभी राहायची. मग रोगाची साथ आली आणि सगळंच थांबलं. साथ गेल्यावर दुसरीकडे गाड्या सुरू झाल्या, आमची झाली नाही. विचारायला गेलेल्यांना सांगितलं, तुमच्याकडे चढणारे कमी. कमी का झाले ते कोणी विचारलं नाही. शेडचे पत्रे कोणीतरी काढून नेले. फलाटाची माती पावसाने थोडी थोडी परत शेतात गेली. मग रुळांकडेने भिंत आली. गावातल्या बायका दोन दिवस हळहळल्या आणि टमटममध्ये बसायला लागल्या.

वाटेवर मी एकटी उरले.

एका सकाळी कामावर निघाले तर दिरांच्या घराजवळ वाटेवर बांबू आडवा बांधलेला. दीर ओटीवर बसून दात घासत होते. जाऊबाई अंगणात भांडी घासत होत्या.

"तिला सांग," दीर म्हणाले, "गाडी बंद, वाट बंद. बापसाने तसंच सांगितलेला."

जाऊबाईंनी मान वर केली. "आयकलंस गो? म्हनतात, गाडी बंद, वाट बंद."

"त्यांना सांगा, मी कुठून जाऊ?"

"म्हनते, कुठून जाऊ."

"आमच्या पडवीतून जा म्हनाव. रोज इचारून जा. आनि नको आसल तर कोपरा देऊन टाक. पोरीकडे जाऊन ऱ्हा."

हे जाऊबाईंनी मला अर्धंच सांगितलं. कोपऱ्याचं त्यांनी गिळलं. एवढ्यात पुलाकडून मालगाडी आली. लांबच लांब, डब्यावर डबा चढवलेली. जमीन हलत होती, भांड्यातलं पाणी हलत होतं, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता ती संपायची वाट बघत होतो. ती संपेपर्यंत माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. आवाज थांबला आणि मी जाऊबाईंना म्हणाले, "आता गेली ती काय व्हती? बैलगाडी?"

जाऊबाईंना हसू फुटलं. त्यांनी ते राखेच्या हाताने दाबलं, पण दिरांना दिसलं. ते दात घासायचे तसेच टाकून आत गेले. मी बांबूखालून वाकून निघून गेले.

पुढे रोज वाकून जायचे आणि रोज बांबू थोडा खाली आलेला असायचा. शेवटी दिरांनी स्वतःच पंच बसवले. त्यांना वाटलं, सासऱ्यांचे शब्द गावासमोर आले की काम झालं. साक्षीला त्यांनी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजाला आणलं. त्याने सासऱ्यांबरोबर फलाटाच्या मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. देवळाच्या पायरीवर त्याला बसवलं. कानाने तो कमी होता, म्हणून सगळे ओरडून बोलत होते. मी बायकांच्या मागे खांबाला टेकून उभी होते.

"आजा, वाट दिली तवा यांचा बापूस काय बोल्लेला?" पंचांनी विचारलं.

"दिली वाट त्याने."

"ता म्हाईत हाय. बोल्ला काय?"

"गाडी हाय तवर वाट हाय, आसा बोल्ला."

"बघा," दीर म्हणाले. "मी काय येगला बोललो का? आता हाय का गाडी?"

"सकालीच गेली एक," आजा म्हणाला. "माझी खाट हालते."

माणसं हसली. दिरांनी आवाज चढवला. "आजा, ती मालगाडी! मी मानसांची गाडी बोलतंय."

"मानसांची आसा नाय बोल्ला त्यो. गाडी बोल्ला."

"त्याच्या मनात मानसांचीच व्हती!"

"मनातला मना काय म्हाईत?" आजा म्हणाला. "तुज्या मनात काय हाय ता तरी कुठे म्हाईत हाय?"

यावर इतकं हसं झालं की दीर खाली बसले. पंचांनी मला विचारलं, "तुजा काय म्हनना हाय गो?" सगळ्या बायका बाजूला झाल्या आणि मी एकदम उघडी पडले. माझ्या मनात पुष्कळ होतं. नवऱ्याच्या आजारपणात दिरांनी रिक्षा दारापर्यंत आणू दिली नव्हती, तेही होतं. तोंडातून एवढंच आलं, "मना वाट पायजे."

पंच आपसात कुजबुजले आणि म्हणाले, रुळांवर गाडी चालू आहे तोवर वाट चालू राहील. बांबू काढला.

गावाला माझी दया आली असं मी समजत नाही. दिरांनी मागच्या होळीला वर्गणीवरून पंचांशी वाकडं घेतलं होतं, त्याची फेड त्या दिवशी झाली. भाजीवालीही तिथे होती. जाता जाता म्हणाली, "बोलतंय गो मुकी!"

थोडे महिने बरे गेले. वाटेवर पुन्हा गवत आलं होतं, ते मी विळ्याने काढलं. मग एका सकाळी खडीचे ढीग पडले. दिरांनी माझ्या घराशेजारचं शेत गोडाऊनसाठी एका शेठला भाड्याने दिलं होतं. कामणच्या रस्त्याला सगळीकडे तेच चाललेलं आहे, त्यात नवीन काही नाही. नवीन एवढंच की ट्रक माझ्या वाटेनेच येणार होते. बांध फोडून वाट रुंद केली. माझ्या कुंपणाची मेंदी त्यात गेली.

मी जाऊबाईंकडे गेले. दीर ओटीवर होते आणि माझीच वाट बघत होते असं वाटलं.

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "पंचांनी वाट मना ठेवली, ट्रकला नाय."

"तिला सांग, पंचांनी वाट गाडीला ठेवली. ट्रक म्हंजे गाडी हाय का नाय? इचार तिला."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हनतात, ट्रक म्हंजे गाडी हाय का नाय?"

"आयकलं मी."

"मंग बोल की."

लोक ट्रकला गाडीच म्हणतात. मीही म्हणते. "गाडीच हाय," मी म्हणाले.

"तिला सांग, आता वाट कंदीच बंद नाय व्हायची," दीर म्हणाले आणि चहा मागितला.

मग ट्रक यायला लागले. धुळीने दार उघडं ठेवता येईना. वाळत घातलेलं भात मातीचं झालं. स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खाली तडा गेला. मुलगी आचोळ्याला असते, नवव्या मजल्यावर. ती फोनवर म्हणायची, "आये, विकून टाक गो. ये इकडं. लिफ्ट हाय, पानी हाय." मी जाऊन राहून आले. जावई चांगला आहे, मला पाहिलं की टीव्हीचा आवाज कमी करतो. पण दुसऱ्याच्या घरात मी किती दिवस पाय जवळ घेऊन बसणार? मी परत आले. येताना टमटममधून उतरले तर वाटेच्या तोंडाशी एक ट्रक उभा होता आणि मी त्याच्या कडेने, अंग चोरून, माझ्याच वाटेने गटारातून घरी गेले. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

ट्रक आत सरळ यायचे, पण गोडाऊनसमोर वळायला जागा नव्हती. पुढे रेल्वेची भिंत. वळायचं तर माझ्या अंगणाचा कोपरा लागायचा, आणि तो ते न विचारता वापरत होते. पुढचं चाक माझ्या अळवाच्या वाफ्यातून जायचं. मी घराच्या पायाचे उरलेले काळे दगड मागे पडले होते ते एकेक करून लोळवत आणले आणि माझ्या हद्दीवर लावले. हाताची सालटं निघाली. मदतीला कोणाला बोलावलं नाही. दगड माझे, जमीन माझी, हद्दीची खूण दिरांनीच वाटणीच्या वेळी रोवलेली. त्यांना काही बोलता येईना.

तेव्हापासून ट्रक वळत नाहीत. माल उतरवला की रस्त्यापर्यंत सगळी वाट उलटं जावं लागतं. एक ट्रक उलटा चालला की दुसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. तिथे शेठ, ड्रायव्हर आणि टमटमवाले यांची भांडणं होतात, आणि ती दिरांच्या ओटीसमोर होतात.

एके दिवशी दीर माझ्या दारात आले. माझ्या घरात त्यांनी नवऱ्याच्या दिवसकार्यानंतर पाऊल ठेवलं नव्हतं. जाऊबाईंना बरोबर आणलं होतं. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले.

"तिला सांग," ते म्हणाले, "कोपरा दे. वलायपुरता."

जाऊबाई दगडांकडे बघत राहिल्या.

"सांग की."

"तुमीच सांगा," जाऊबाई म्हणाल्या. "मना माझा तोंड हाय, पन त्यो भाड्याने नाय दिलेला." आणि पदर खोचून त्या वाटेला लागल्या.

जाऊबाई माझ्या बाजूच्या झाल्या असं नाही. भाड्यातून त्यांना दिरांनी काही हातात दिलं नव्हतं, त्याचा तो राग होता. पण दीर एकटे उरले. त्यांनी मागे पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं. शेवटी माझ्या दाराच्या चौकटीकडे तोंड करून म्हणाले, "कोपरा पायजे."

मीही चौकटीलाच म्हणाले, "नाय."

"शेठ निघून जाईल."

मी आत जाऊन भाजी चिरायला बसले. ते थोडा वेळ उभे होते, कारण चपलांचा आवाज लगेच आला नाही.

शेठ दुसरी जागा बघतोय असं आता कानावर येतं. गेला तर दीर पुन्हा बांबू बांधतील. आजा मागच्या पावसात वारला, त्यामुळे सासरे काय बोलले होते ते सांगायला कोणी नाही. पंच बदलले आहेत आणि नव्यांपैकी एक दिरांचा व्याही आहे. मला हे सगळं कळतं. मुलगी म्हणते, आये, कोपरा दिला असतास तर निदान गोडीने राहिली असतीस. गोडी मी या घरात पाहिलेली नाही. ती मिळून काय होतं ते मला ठाऊक नाही.

आज सकाळी एक नवीन ड्रायव्हर आला होता. त्याला कोणी सांगितलं नसावं. दगडांपर्यंत आला, थांबला, खाली उतरून दगड पाहिले आणि मला म्हणाला, "मौसी, थोडा कोना दे दो ना. बस एक बार."

"नाय."

"नाय क्या?"

"नाय म्हंजे नाय."

तो हसला, मग चिडला, मग गाडीत चढून उलटा निघाला. गाडी उलटी घेताना वाजतं ते गाणं वाजत राहिलं. मी तांदूळ निवडत पायरीवर बसून होते. तो रस्त्याला लागेपर्यंत बसले आणि मग डबा भरून कामावर निघाले, वाटेच्या मधून.